पेरेनियल शब्दापायी गेलेली जागा

मी दिनानाथ भिकाजी चौलकर, वय वर्षे अडुसष्ट, पूर्वी इंग्रजीचा मास्तर, आता पेन्शनर, राहणार रेवदंडा, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र राजीखुशीने व अक्कलहुशारीने स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी माझे हृदय कमकुवत ठरवले आहे. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही. पुतण्याची आहे, तिचा खुलासा पुढे येतो.

कलम १. राहते घर, मागची विहीर व सुपारीची बाग पुतण्या दयाराम यास द्यावी. त्याने माझी सेवा केलेली नाही, पण वारस तेवढा एकच आहे. माझ्या काळ्या कोटास मात्र त्याने हात लावू नये. मागे लग्नाला म्हणून नेला तो बाही उसवून परत आला. कोट शाळेचा शिपाई भिकू यास द्यावा.

कलम २. घरासमोरची, समुद्राकडील जागा. हिची हकीकत लिहिणे भाग आहे.

सन १९२५ च्या पावसाळ्यात भागुबाई कोळणीची मासळी सुकवण्याची जागा समुद्राने खाल्ली. ती माझी पत्नी सगुणा हिच्याकडे आली. सगुणेने आमची जागा देऊ केली. कागद करणे माझ्याकडे आले. माझ्या मनात एकच वर्ष होते. तेवढे वर्ष बाराही महिने जागा वापरावी, इतकेच लिहायचे होते. पण साध्या मराठीत लिहिले तर मास्तर कसला? मी इंग्रजीत कागद केला, त्यात ‘पेरेनियल’ असा भारदस्त शब्द घातला आणि दिवसभर स्वतःवर खूश राहिलो.

वर्ष सरल्यावर मी तिला जागा सोडायला सांगितले. ती म्हणाली, “मास्तर, मी कागद अलिबागला वकिलाला दावला. त्यो बोलला, ह्यो सबूद मरत न्हाय.”

मी दावा लावला. कोशात दोन्ही अर्थ निघाले: वर्षभर टिकणारे, आणि चिरकाल टिकणारे. मुनसफ विचारात पडले. तेव्हा तिचा वकील तुकाराम याने पिशवीतून आपली शाळेतली वही काढली. तो माझाच जुना विद्यार्थी. वहीत मी सांगितलेले उतरवलेले होते: पेरेनियल म्हणजे चिरंतन. खाली माझ्याच लाल शाईत ‘शाबास’. दावा मी हरलो. घरी येऊन सगुणेला म्हणालो, “काही म्हण, तुकाराम शिकवलेलं विसरला नाही.” ती तोंडाला पदर लावून आत गेली.

पुढे सात वर्षे मी मासळीच्या वासावर कानात अत्तराचा फाया घालून वावरलो व भागुबाईशी बोललो नाही.

सन १९३३ मध्ये सगुणेची उजवी बाजू लुळी पडली. नातलग आले आणि चहा पिऊन गेले. भागुबाई न बोलावता आली. पाच महिने रोज सकाळी तिने सगुणेला उचलून त्या जागेवर उन्हात बसवले, वेणी घातली, गावच्या भानगडी सांगितल्या. सगुणेची वाचा गेली होती, हसू गेले नव्हते. मी वासामुळे समुद्राकडची खिडकी लावायला गेलो की सगुणा डाव्या हाताने खाट बडवी. ती गेली त्या दिवसापासून ती खिडकी मी लावलेली नाही.

आता मुंबईच्या एका शेटजींना त्या जागेवर बंगला बांधायचा आहे. दयाराम म्हणतो, “काका, तुमच्या मनात एकच वर्ष होतं, एवढं प्रतिज्ञापत्र करून द्या.” मी नकार दिल्यापासून तो गावभर माझे डोके फिरल्याचे सांगतो. मनात एकच वर्ष होते, हे खरे आहे. ते मी नाकारत नाही. म्हणून मूळ भांडणच मिटवतो. ती जागा आठ माडांसह भागुबाईस मालकी हक्काने, तिच्यामागे तिची मुलगी ठमी हिला व पुढे तिच्या वंशास निरंतर दिली आहे. हे मुद्दाम मराठीत लिहिले आहे.

कलम ३. इंग्रजी कोश वकील तुकाराम यास द्यावा. सोबत त्याने पुढील फरक उतरवून घ्यावा, वर्गात तो सांगायचा राहिला: ‘पेरेनियल’ झऱ्याला लावावा, ‘पर्मनंट’ नोकरीला, तीही पेन्शनीत संपते, ‘इटर्नल’ परमेश्वराला, आणि ‘परपेच्युअल’ जे मध्ये थांबतच नाही त्याला, जसे दयारामचे मागणे.

नोंद. साक्षीचा अंगठा द्यायला भागुबाई आपणहून आली होती. जिला मिळकत मिळते तिची साक्ष चालत नाही, असे सांगून तिला परत पाठवले. जाताना ती जे बोलली ते तिच्या आग्रहावरून येथे लिहिले आहे: “सहीला दोन मानसं लागतात, मराया एक बी लागत न्हाय. घाई करू नका, मास्तर.”

स्थळ: रेवदंडा
तारीख: १४ नोव्हेंबर १९३६
दिनानाथ भिकाजी चौलकर, सही दस्तुरखुद्द

आम्हां दोघांसमक्ष सही केली:
१. दादू राघो म्हात्रे
२. सदा विठोबा ठाकूर