अणूला केंद्र नाही

श्रीमान शालकमहाशय यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि. तुमचा गुडघा काय म्हणतो? माझी तब्येत ठणठणीत आहे. संताप मला मानवतो.

अणूला केंद्र नसतं, हा माझा सिद्धांत मी तुम्हाला पाठवला होता. तुम्ही पडलात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. ‘शुभेच्छा’ एवढंच खरडून तुम्ही तो परत धाडलात. (आमच्या लग्नाच्या वाढदिवसालाही तुम्ही तेवढंच लिहिता.) माझं म्हणणं साधं आहे : अणू म्हणजे लोकरीचा गुंडा. उलगडत जा, आत काही सापडत नाही, तरी गुंडा गोल तो गोलच. तुमच्या प्रयोगशाळेत हे कुणाला सुचलं नाही, कारण तिथं कुणी विणत नाही.

म्हटलं, तुम्ही नाही तर जनता. रविवारी व्याख्यानासाठी शिपायाला सांगून शाळेचा एक वर्ग मिळवला आणि फाटकावर फलक लावला. रंगाऱ्यानं ‘अणूला’ बारीक काढलं आणि ‘केंद्र नाही’ हातभर. नेमकी त्याच दिवशी तिथं नोकरभरतीची परीक्षा! फलक वाचून निम्मे उमेदवार दुसऱ्या शाळेकडे पळाले. मुख्याध्यापक अंगावर आले, “अहो आजोबा, हेच केंद्र आहे!” मी म्हटलं, “तुमचं असेल. अणूला नाही.” मग त्याच शिपायानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. व्याख्यानाला आलेली एकमेव व्यक्ती, म्हणजे तुमची बहीण, माझी पिशवी घेऊन मागोमाग आली. इथवर सगळं ठीक होतं.

घरी तिनं पिशवी उघडली. प्रयोगाला लोकर कमी पडत होती, म्हणून लेकीच्या होणाऱ्या बाळासाठी ती विणत असलेला स्वेटर मी सकाळी उसवला होता. (एक बाही शाबूत ठेवली होती, हे ती तुम्हाला सांगायची नाही.) विज्ञानासाठी लोकांनी प्राण दिले, मी स्वेटर दिला. तोही तिचा, हे मान्य. ती तडक तुमच्याकडे निघून आली, आणि माझ्या सिद्धांताला दारात उभं न करणाऱ्या तुम्ही तिला मात्र खोली काढून दिलीत.

माझी काही तक्रार नाही. चहा मला करता येतो. शेजारी विचारतात, तेव्हा खुशीत माहेरी गेलीय म्हणून सांगतो. सिद्धांत आता भिंतीला समजावतो. तीही तुमच्यासारखीच, हूं की चूं नाही. पण खरं सांगू? फार वाईट दिवस आहेत.

तुमचा (तुमच्या मते डोक्यावर परिणाम झालेला),
मेहुणा

ता. क. सिद्धांतावर तुमचं मत नको. उसवलेली लोकर परत विणता येते का, एवढं तिला विचारा.

ता. क. २ पत्र तिला तुम्हीच वाचून दाखवा, अणूचा भाग गाळून. तिचा चष्मा इथंच राहिलाय. मी तो रोज पुसून ठेवतो, पण पोस्टानं पाठवणार नाही.