तपकिरी मेंडोलिनबाबत लिहून ठेवते की

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय शिवणकाम, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते की माझ्यामागे माझ्या वस्तूंची वाटणी पुढीलप्रमाणे व्हावी. डोके ठिकाणावर असल्याचा पुरावा हवा असेल, तर सुईत दोरा मी अजून पहिल्या खेपेस ओवते.

१. दोन खोल्यांचे घर मुलाला. मात्र खिडकीची बिजागरी तो तीन वर्षे "उद्या बसवतो" म्हणतो आहे. ती बसल्याशिवाय त्याला ताबा मिळू नये.

२. शिलाई मशीन व मोठी कात्री धाकट्या बहिणीला. त्या कात्रीने कागद कापला, तर मेल्यावरही मला कळेल.

३. शिंपल्याच्या किनारीचे मेंडोलिन, ज्याने माझी फजिती केली. साठाव्या वर्षी मी वाद्य शिकायला निघाले. दुकानात पाच मेंडोलिने टांगली होती. मी ती कपड्यासारखी उलटसुलट करून पाहिली आणि ज्याची किनार सर्वांत सफाईदार, ते उचलले. दुकानदार म्हणाला, "बाई, आधी वाजवून तरी बघा." मी म्हणाले, "चाळीस वर्षं शिवतेय. हातकाम मला कळतं." शिवाय सुईने बोटे राठ झालेली, म्हणजे तारांची कसली भीती! पण राठ होती ती उजव्या हाताची, आणि तारा दाबायच्या डाव्याने. त्याही इतक्या उंच, की खालून कोटाचे बटण आरामात जाई. तीन आठवड्यांत बोटे सोलली. सून म्हणाली, "आई, या वयात कशाला हा खटाटोप?" मी वयाला दोष दिला आणि वाद्य भिंतीवर टांगले. वर्षभराने शेजारच्या सुताराने ते हातात घेऊन पाहिले. "ताई, बोटं बरी आहेत तुमची. याची मानच वाकलीय, म्हणून तारा वर उचलल्यात." हे मुलाला द्यावे. भिंतीवर छान दिसते.

४. मग सुताराला बरोबर नेऊन, डोळे मिटून, एकेक वाजवून निवडलेले साधे तपकिरी मेंडोलिन. याच्या तारा बोटांजवळ आहेत. माझ्या चार धुना यावरच बसल्या, त्यातली एक न अडखळता. हे सुनेला, माझ्या मृत्यूनंतर.

५. कलम चार जुन्या मसुद्यातून जसेच्या तसे उतरवले; त्यातील शेवटचे दोन शब्द रद्द समजावेत. महिनाभर सुनेच्या डाव्या हाताच्या बोटांना पट्ट्या आहेत. विचारले तर म्हणते, "भाजी चिरताना लागलं." चारही बोटांना एकदम? आणि भिंतीवरच्या वाद्यावरची धूळ गायब. माझ्या वाद्याला हात लावायचा तिला संकोच, म्हणून ती त्या वाकड्या मानेशी झुंजते आहे. काल ती मुलाला म्हणाली, "माझ्याच्यानं नाही व्हायचं हे." तिच्या "या वयात"चा राग मी अकरा वर्षे जपून ठेवला होता. काल तो गेला, आणि मला फार वाईट वाटले. माझी प्रकृती ठणठणीत आहे. माझ्या मरणाची वाट पाहत बसली, तर ती शिकायचीच नाही. म्हणून आज सकाळी ते तिच्या हातात दिले.

"आणि तुम्ही काय वाजवणार?"

"सकाळी मी, दुपारी तू. खिडकी लागत नाही, तेव्हा चुकशील ते सगळ्या गल्लीला कळेल. माझंही कळलं होतं."

सही: शिवणकाम करणारी, स्वहस्ते.

साक्षीदार: १. शेजारचा सुतार. २. समोरची डॉक्टरीण.

ठिकाण: कपडे बेतायचे टेबल. दिनांक: ९ मार्च.

ता. क. सुनेला सहीसाठी बोलावलेले नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शिवाय ती आतल्या खोलीत पहिली धून तिसऱ्यांदा सुरू करते आहे.