कंसात ‘प्रेमाने’

४ जून
अखेर न्याय झाला. टीव्हीसाठी सासवांचे कट लिहून बोटं झिजलेल्या माणसाला एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीवरचा सिनेमा मिळाला. पटकथा, संवाद, दोन्ही मी. संकल्प: पाचला उठणे. सिगारेट बंद. कादंबरी पूर्ण वाचणे. (शेवटचं प्रकरण राहिलंय, पण शेवट कळतोच.)

सौ.ला बातमी सांगितली. तिचीही एक होती. ती जिथे रक्त तपासते त्या लॅबची दुसऱ्या शहरात नवी शाखा निघतेय, ती हिने सांभाळावी असं मालक म्हणतायत. मी म्हटलं, या वयात कशाला दगदग, नकार कळवून टाक. ‘तुम्ही म्हणाल तसं,’ म्हणाली. विषय संपला. अशी बायको असली की माणूस लिहू शकतो.

५ जून, सकाळी साडेनऊ
पाचचा गजर वाजला होता असं सौ. म्हणते.

कादंबरी उत्तम. छापखान्याचा एक मालक आपल्या संसाराची गोष्ट स्वतःच सांगतो. सज्जन, कष्टाळू, बायकोवर जीव. तिचं शिलाई मशीन विकतो, तेसुद्धा तिचे डोळे बिघडू नयेत म्हणून. बायको प्रत्येक गोष्टीला म्हणते, ‘तुम्ही म्हणाल तसं.’ इतकं समाधानी जोडपं हल्लीच्या लिखाणात औषधालाही सापडत नाही.

९ जून
पहिली मीटिंग. दिग्दर्शिका माझ्या पुतणीच्या वयाची. म्हणाली, सर, या माणसाचं काही खरं धरायचं नाही. तो स्वतःलाच फसवतोय. वाचकाला ते कळतं, त्याला कळत नाही, गंमत तिथे आहे, आणि पडद्यावर ती आणायची कशी यावर सगळं अडलंय. मी विचारलं, पहिल्याच पानावर तो म्हणतो की मी कधी खोटं बोलत नाही, त्याचं काय? ती माझ्याकडे बघतच राहिली. निरुत्तर झाली बिचारी.

कसलासा कोर्स केला की ही मंडळी चांगल्या माणसात खोट काढायला मोकळी.

१७ जून
पहिला ड्राफ्ट दिला. नायकात काही दोष वाटू शकेल असं सगळं काढलं. कामगारांवर खेकसतो तो सीन काढला. एक कुत्रा दिला. कुत्रा पाळणाऱ्या माणसाचा प्रेक्षक राग करत नाहीत, हा टीव्हीतला अनुभव. व्हॉइस-ओव्हर भरपूर. पैसे देऊन आलेल्या माणसाला वर विचार करायला लावणं हा उद्धटपणा आहे. बायकोच्या त्या वाक्याआधी दर वेळी कंसात लिहिलं: प्रेमाने.

सिगारेट दोनच. ड्राफ्टसाठी.

२४ जून
ड्राफ्ट लाल होऊन परत. कुत्रा गेला. व्हॉइस-ओव्हर राहील म्हणे, पण तो बोलेल एक आणि दिसेल भलतंच. तो म्हणणार ती खुशीत होती, आणि चित्रात ती मशीनच्या रिकाम्या जागेवरून फडकं फिरवत असणार. याला सिनेमा म्हणतात असं कळलं. आमच्याकडे याला एडिटिंगची चूक म्हणतात.

मी दाखला दिला: मागे एका क्लासिकमधल्या चिकट म्हाताऱ्याला पडद्यावर दानशूर केलं, सिनेमा धो धो चालला. ती म्हणाली, चालला, पण म्हातारा मेला. यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

२ जुलै
तालीम. नायकाच्या बायकोचं काम करणारी नटी अडून बसली. कागदावर ते वाक्य कसंही वाचता येतं, पण तोंडाने म्हणायचं तर एकच सूर निवडावा लागतो, आणि प्रेमाने ते निघतच नाही म्हणे. मग चिडून म्हटलं, रडून म्हटलं, एकदा तर लाडात येऊन. मी कपाळावर हात मारला. लग्न न झालेली बाई, तिला संसारातलं काय कळणार? शेवटी मीच म्हटलं, उद्या घरून प्रात्यक्षिक आणतो. पंचवीस वर्षं रोज ऐकतोय.

३ जुलै
सौ.ला रजा टाकायला लावली. तालमीच्या हॉलमध्ये मधोमध खुर्चीवर बसवलं, सगळे गोळा झाले. नायकाचं वाक्य मी म्हटलं: मशीन विकून टाकलंय, तुझ्याच भल्यासाठी. सौ. पर्सची चेन लावत होती. ती पूर्ण लावली, पर्स मांडीवर सरळ ठेवली, आणि माझ्याकडे न बघता बोलली. आवाज ना वर ना खाली. बँकेत टोकन नंबर पुकारतात तसा.

दिग्दर्शिकेने चष्मा काढून पुसला. भारावली होती. नटीने विचारलं, हे म्हणताना मनात काय असतं? सौ. म्हणाली, ‘काही नसतं. आधी असायचं.’

किती शांत मन. नंतर दोघी बराच वेळ व्हरांड्यात बोलत होत्या. पाककृती वगैरे असणार.

२० ऑगस्ट
शूटिंग चालू. मला सेटवर येऊ नका म्हणाले. लेखक समोर असला की नटांवर दडपण येतं. आदरच आहे एक प्रकारे. सौ. मात्र नटीच्या आग्रहावरून दोनदा जाऊन आली.

सिगारेटचा संकल्प सिनेमा पूर्ण होईपर्यंत स्थगित.

११ ऑक्टोबर
छोट्या थिएटरात युनिटसाठी आणि घरच्यांसाठी शो. लोक नको तिथे हसत होते. नायक म्हणाला, ती माझ्या घरात सुखात आहे, की हशा. म्हटलं, यांची अक्कलच तेवढी. मग मशीनचा सीन आला. नटीने शिवणाच्या डब्याचं झाकण लावलं, डबा सरळ ठेवला आणि वाक्य म्हटलं. हुबेहूब सौ.चा आवाज. एवढ्या मोठ्या स्पीकरवर तो मी कधी ऐकला नव्हता. या वेळी कुणी हसलं नाही. मला ए.सी. सोसेना.

सौ. शेजारीच होती. तिच्याकडे बघावं असं वाटलं, पण धीर झाला नाही. पडद्याकडेच बघत राहिलो.

शेवट माझा नव्हता. मी दोघांना बागेत फिरायला पाठवलं होतं. यांनी बायकोला बॅग घेऊन घर सोडायला लावलं. बाहेर आल्यावर जाब विचारला. दिग्दर्शिका म्हणाली, सर, कादंबरीत तेच आहे, शेवटच्या प्रकरणात.

१२ ऑक्टोबर
चहाच्या वेळी सौ.ला म्हटलं, ती नव्या शाखेची जागा अजून भरली नसेल तर विचारून बघ, माझी हरकत नाही. स्वतःच्या मोठेपणाचं मलाच कौतुक वाटलं. ती म्हणाली, जूनमध्येच होकार कळवलाय. सोमवारी हजर व्हायचंय. शूटिंगला म्हणून दोनदा गेली, त्यातल्या एका खेपेला राहायची खोली बघून आली होती.

मी म्हटलं, मला विचारलंसुद्धा नाहीस?

‘विचारलं होतं. माझं उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत,’ म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.

१५ ऑक्टोबर
सौ. गेली. बॅग उचलायला पुढे झालो, तोवर तिने उचलली होती. रविवारी येशील ना, असं विचारलं. घर फार मोठं वाटतंय हेही सांगायचं होतं, ते राहिलं. ती म्हणाली, ‘बघू.’

हो की नाही, ते मला तिच्या आवाजावरून ओळखता आलं नाही. दुपारभर तो ‘बघू’ मोठ्याने म्हणून पाहिला. चिडून, थकून, सहज. माझ्या तोंडून दर वेळी तो ‘हो’सारखाच निघतो.