बोटीची जमिनीकडची बाजू

आये,

आपण तिघं बोटीने मुंबईला गेलो त्या दिवाळीबद्दल तुझ्याशी नीट बोलायचं राहूनच गेलं. तू होतीस तोवर बोलायची सोयच नव्हती. त्या प्रवासाची गोष्ट तू वाडीतल्या इतक्या जणींना इतक्या वेळा सांगितली होतीस की मध्ये तोंड घालायची माझी काय बिशाद! आता तू नाहीस, बाबाही नाहीत, म्हणून मी आपली लिहायला बसले आहे.

तू कुडाळकडची, भाताच्या मळ्यांत वाढलेली. लग्न होऊन मालवणात आलीस तेव्हा समुद्र पहिल्यांदा बघितलास. आपली वाडी बंदराच्या उत्तरेला, मागच्या दारी माड आणि माडांपलीकडे वाळू. पावसाळा सरून बोटी सुरू झाल्या की वेंगुर्ल्याकडून मुंबईला जाणारी बोट दुपारच्या उन्हात तिथून दिसायची. भोंगा ऐकला की तू हातातलं काम टाकून दारात यायचीस आणि ती दिसेनाशी होईपर्यंत उभी राहायचीस. चुलीवरचं कालवण त्यापायी किती वेळा करपलं! बोट काय आपल्याकडे नवलाची नव्हती. कोणी नोकरीला जायचं, कोणी दवाखान्यात, कोणी लेकीच्या बाळंतपणाला. पण निव्वळ हौसेसाठी बोटीत बसणारं माणूस वाडीने पाहिलं नव्हतं, आणि बाईमाणूस तर नाहीच नाही.

मला तो दिवस आठवतो. तू चुलीपुढे भाकऱ्या थापते आहेस, बाबा पाटावर बसून जेवताहेत, मी त्यांच्या शेजारी. भाकरी तव्यावर टाकता टाकता तू म्हणतेस, "माका एकदा बोटीत बसूचा आसा."

"मुंबयक? जावन करतलंस काय?"

"मुंबयत माका काय एक करूचा नाय. बोटीवरसून आपला घर कसा दिसता, ता बघूचा आसा."

बाबा हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. हात धुऊन आले आणि पुढल्या अंगणात, खळ्यात, येरझारा घालत बोटांवर हिशोब करायला लागले. शाळेत गणित शिकवणारा माणूस, त्याला आयतंच उदाहरण मिळालं. डेकची दोन तिकिटं आणि माझं अर्धं. बोट खडकांमुळे धक्क्याला लागत नाही, ती बाहेर उभी राहते, तिथवर नेणाऱ्या पडावाचं भाडं. मुंबईत हमाल नको, कारण सामान हातात मावेल एवढंच. उतरायचं मामाकडे, म्हणजे राहण्याजेवण्याचा खर्च नाही, पण रिकाम्या हाताने कसं जायचं, तेव्हा मामीला एक खण. हिशोब जमेना तेव्हा तू म्हणालीस, "ह्या दिवाळेक माका लुगडा नको." शिवाय पुढचे दोन उन्हाळे तू फणसपोळ्या आणि सोलां करून विकलीस. तुझी बोटं कोकमाने लाल झालेली असायची आणि कोणी विचारलं तर तू "असांच" म्हणायचीस.

खरी आखणी पुढेच होती. डेकवर जागेला नंबर नसतात, ज्याची सतरंजी आधी पसरली त्याची जागा. मुंबईकडे जाताना किनारा उजव्या हाताला राहतो, म्हणून जागा त्याच बाजूला आणि कठड्याला लागून हवी. बाबांनी सतरंजी पसरायचं काम माझ्याकडे दिलं. पोर लहान, लोकांच्या पायांतून सटकन जाईल, असा त्यांचा विचार. त्यांनी खळ्यात माझ्याकडून चक्क तालीम करून घेतली. मी काखेत सतरंजी घेऊन पडवीवरून धावत सुटायची आणि तुळशीपाशी ती एका झटक्यात उलगडायची. तू दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होतीस. इतकी हसताना मी तुला क्वचितच पाहिलं आहे.

फक्त एक गोष्ट बाबांच्या हिशोबात नव्हती, आणि ती कशी नव्हती याचं मला अजून नवल वाटतं. मुंबईला जाणारं माणूस गावाचं असतं. कोणीही निघालं की वाडी आपापली गाठोडी घेऊन हजर. आधी सगळ्यांनी विचारलं, "कोणाक बरा नाय काय?" सगळी बरी आहेत, घर बघायला चाललो आहोत, हे तू सांगितलंस तेव्हा बायका पोट धरून हसल्या. घरातच ऱ्हवतंस आणि घर बघूक बोटीत बसतंस! पण हसता हसताच त्यांचे हात पदराआडून बाहेर आले. शेजारच्या काकीचा मुलगा मुंबईत होता, ती म्हणाली, "माझ्या झिलाक हीं सोलां तेवडी पोचव गो." कोणाचे नवे पोहे, कोणाचे कुळीथ, कोणाच्या मुलीसाठी लोणच्याची बरणी, आणि सुक्या बांगड्यांचं एक भलंमोठं पुडकं. बाबा आत येऊन चिडले. "नाय म्हणून सांग. सगळ्या बेताची माती होतली."

तू म्हणालीस, "आजपर्यंत माझा वझा सगळ्यांनी नेला. भावाक मी काय कमी धाडलंय? आता नाय कसा म्हणू?"

पुढचं तुला माहीतच आहे, पण मला ते एकदा सांगू दे. पडाव बंदरातून निघाला आणि किल्ल्याच्या बाहेर लाटा लागल्या तशी बाबांना बोट लागली. बोट कसली, अजून पडावातच होतो! बांगड्यांचं पुडकं त्यांच्याच मांडीवर होतं. त्यांचा चेहरा हिरवट झाला आणि सगळा बेत आखणारा तो माणूस पडावाच्या कडेवर वाकला तो वर येईना. त्यांच्या हातातली गाठोडी तुझ्याकडे आली, तुझ्या हातातली बरणी माझ्याकडे. शिडीवरून खलाशाने मला वर ओढलं तेव्हा मी दोन्ही हातांनी ती बरणी पोटाशी धरली होती आणि सतरंजी तुझ्या काखेत होती. दिवाळी करून परतणाऱ्यांची ही गर्दी! आपण वर पोचेपर्यंत जमिनीकडची बाजू सगळी भरली होती. आपल्याला जागा मिळाली ती समुद्राकडच्या बाजूला, धुराड्याच्या उष्णतेत. तू गाठोडी मध्ये रचलीस, बाबांचं डोकं मांडीवर घेतलंस आणि मला पदराचं टोक धरून बसायला सांगितलंस.

भोंगा झाला आणि बोट हलली. पलीकडच्या बाजूला लोक उठून उभे राहिले, कोणी कोणाला हात करून देऊळ दाखवतंय, कोणी आपला माड ओळखतंय. तू एकदा मान उंच केलीस. मध्ये नुसत्या पाठी होत्या. बाबा डोळे न उघडता म्हणाले, "तू जा, बघून ये." तू गाठोड्यांकडे बघितलंस, त्यांच्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "आसां दे." समोर पाणी होतं आणि दुसरं काहीच नव्हतं. मला रडू येत होतं. तुला येत होतं की नाही ते कळलं नाही, तू बाबांच्या कपाळाला ओला पदर लावत होतीस.

येताना बोट पहाटेच्या काळोखातच मालवणला लागली, तेव्हाही काही दिसलं नाही. परत आलो त्या दिवशी सगळ्या जमल्या. पोचली काय सोलां, पोचली काय बरणी, झील कसो आसा, सगळं विचारून झालं. मग काकीने विचारलं, "मगे, दिसला काय गो घर?" बाबांनी मान खाली घातली. खोटं बोलले म्हणून मला उलथन्याने मारणारी तू, क्षणभरही न थांबता म्हणालीस, "दिसला तर! माडांच्या मधी येवढासा, खोपटा जसा. मागचा दार उघडा होता, आणि दोरयेर तुझा हिरवा लुगडा वाळत होता." काकी केवढी खूश झाली! मी तुझ्या तोंडाकडे बघतच राहिले. कितीतरी वर्षांनी माझ्या लक्षात आलं की खरं सांगितलं असतंस तर त्याच बायकांना, त्यांच्या गाठोड्यांपायी तुझं घर बघायचं राहिलं, हे ऐकावं लागलं असतं. तेव्हा मात्र मला फक्त तुझा राग आला होता.

पुढच्या वर्षी बाबांनी स्वतःहून विषय काढला. ते पुन्हा बोटांवर हिशोब करत होते. "पुन्ना जावया," ते म्हणाले, "ह्या टायमाक कोणाक सांगाचा नाय." काकी तेव्हा आपल्याकडे पडवीतच तांदूळ निवडत बसली होती. तू तिच्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "कित्याक? माका दिसला मा." मग त्या घरात बोटीचं नाव निघालं नाही. भोंगा व्हायचा, तू दारात जायचीस, आणि बाबा त्या वेळी मुद्दाम घरात काहीतरी शोधत राहायचे.

हे आज लिहायचं कारण म्हणजे माझ्या मुलीने गोव्याहून मुंबईला जाणाऱ्या एका मोठ्या जहाजाची तिकिटं काढली आहेत. जेवण, खोली, गाणंबजावणं सगळं आत धरून. खर्चाचं तिने मला काही विचारू दिलं नाही, फक्त खोली कुठल्या बाजूची हवी एवढं विचारलं. मी जमिनीकडची म्हटलं. तिकिटवाला तिला म्हणाला की जहाज किनाऱ्यापासून फार लांबून जातं, आजींना काही दिसायचं नाही. शिवाय ते घरही आता नाही, बाबांच्या पुतण्याने पाडून तिथे दोन मजले चढवले आहेत. मी जाणार आहे. कठड्याशी उभी राहणार आहे. आणि काहीच दिसलं नाही, तर मुलीने विचारल्यावर काय सांगायचं, ते माझं ठरलेलं आहे.