अंगणाचा ग्रह

नवं ड्रेनोव,
३ नोव्हेंबर

प्रिय मातो,

तू बरा असशील असं धरून चालते. तुझा नंबर बदललेला दिसतो, म्हणून पत्र. इकडे थंडी लवकर पडली. नव्या घरात फरशीखालून ऊब येते, कुत्रा दिवसभर न्हाणीघरात पसरलेला असतो.

माझं प्रदर्शन शनिवारी उघडलं. खाणीसाठी गाव पाडायच्या आधी मी प्रत्येकाच्या अंगणात मधोमध कॅमेरा उभा करून गोल फिरवत फोटो काढत होते, आठवतं? तू हसला होतास. ते फोटो जोडले की लांबलचक पट्टी होते, आणि संगणकावर ती पट्टी गुंडाळली की अंगणाचा चेंडू होतो. एक छोटासा ग्रहच. त्याच्या पाठीवर चहूबाजूंनी घर, झाडं, कोंबड्यांचं खुराडं उभं. सभागृह खाण कंपनीनेच दिलं, वाइनही त्यांचीच. लोक आपापला ग्रह शोधत होते. कंपनीच्या बाई म्हणाल्या, किती गोड दिसतंय. म्हातारे क्रावत्स आपल्या अंगणासमोर कोट न काढता बराच वेळ उभे राहिले आणि निघून गेले.

आपल्या अंगणाचा ग्रह मी तिथे लावला नाही. तो ऑगस्टमध्ये आईकडे नेला होता. आई तेव्हा वृद्धाश्रमात होती. हे तुला कळवलं नव्हतं. नव्या घरात तिला दारं सापडायची नाहीत, एकदा जोरात पडली, मग तिकडे ठेवावं लागलं. जेवण सुटत चाललं होतं. मला वाटलं, घर हातात दिलं तर दोन घास खाईल.

चष्मा लावून तिने चित्र हातात गोल गोल फिरवलं. विहीर सापडली, अक्रोड सापडला, बाबांचा बाकसुद्धा. मग म्हणाली, "मातोची खोली कुठाय?"

घर द्यायच्या कंपनीच्या कागदावर तू सगळ्यांच्या आधी सही करून गेलास, तेव्हापासून तिने तुझं नाव घेतलं नव्हतं.

मी म्हटलं, "ती मागच्या बाजूला, आई. अंगणातून दिसत नाही."

"मग हे काय केलंस तू?"

रागाने नाही रे. खरंच विचारत होती.

दुसऱ्या दिवशी जुन्या घराचा मागून फोटो काढायला गेले. कुंपणापाशी तुझ्या वर्गातला पाउल पहाऱ्यावर होता. म्हणाला, "लेयना, आत जाऊन काय करशील? मंगळवारीच पाडलं." तरी त्याने सोडलं. उभं राहायला जागा होती. फोटो काढण्यासारखं काही नव्हतं.

आईला सांगितलं, कॅमेरा बिघडलाय. दुरुस्त झाला का, असं ती रोज विचारायची. मग विचारेनाशी झाली. मातोला बोलावू का, म्हटलं, तर म्हणाली, "नको. त्याला झोपायला जागा कुठाय इथे?"

आई गेली, मातो. सप्टेंबर संपता संपता. तिच्या त्या शब्दावर मी तुला कळवलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तू समोर नको होतास. बाबांची कबर हलवलीय त्या नव्या दफनभूमीतच तिला ठेवलं. तिथली माती बाहेरून आणलेली आहे, लावलेलं काही धरत नाही.

आता नवं काय करणार, असं लोक विचारतात. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. कॅमेरा विकून टाकला.

यायचं असेल तर ये. कबरी दाखवीन. तुझं ऐकून घ्यायची ताकद मात्र माझ्यात राहिलेली नाही, आणि तुला सांगण्यासारखंही एवढंच होतं.

आपल्या घरातली आता एवढीच उरलेली,
लेयना