उलट्या बाजूनं उघडलेलं पुस्तक

दादा,

अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे आणि शब्दांमध्ये जागा सोडते आहे, तुम्हाला तसं वाचायला बरं पडायचं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी वयानं तुमच्यापेक्षा मोठी झाले, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की परकरातली पोरगीच होते. मागच्या आठवड्यात फुलंब्रीच्या वाचनालयात भर सभेत मी तुमच्याबद्दल खोटं बोलले. पहिल्यांदा नाही. पण या वेळी ते ऐकून एक बाई उठून गेली. म्हणून पहिल्यापासून लिहिते, झालं तसं.

शहरात शहागंज बाजाराच्या मागं आपल्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. तुम्ही फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातले, घराण्यात शिकलेले पहिले. पण निजामाच्या राज्यात शिकलात, म्हणजे उर्दूत शिकलात. घरात बोलणं मराठी, रागावणं मराठी, स्वप्नंसुद्धा मराठीतच पडत असतील, आणि लिहिणं-वाचणं मात्र सगळं उर्दू. कचेरीत तुमचं अक्षर नावाजलेलं होतं. गावाकडची माणसं जमिनीचे जुने कागद घेऊन यायची आणि तुम्ही वट्यावर बसून ते त्यांना वाचून दाखवायचा. पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं, तेव्हा तुम्ही गल्लीत पेढे वाटले होते असं आई सांगायची. काही वर्षं कचेरीत जुनंच चालू राहिलं. मग आपला मुलूख मराठी राज्यात गेला आणि हुकूम आला, की आता कारभार मराठीत; ज्याला मराठी लिहिता येत नाही त्यानं परीक्षा द्यायची, नाही जमलं तर खालच्या जागेवर जायचं. ज्याच्यासाठी पेढे वाटले ते झालं, आणि त्यानंच तुम्हाला अडाणी करून टाकलं.

मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मी तिसरीत होते. एवढंच कळत होतं, की दादांना अचानक माझ्या अभ्यासाचं वेड लागलंय. कचेरीतून आलात की कोट खुंटीला लावायच्या आधी तुम्ही म्हणायचा, "पुस्तक काढ. मोठ्यानं वाच. बोट ठेव अक्षरावर." मी बोट ठेवून वाचायची, तुम्ही खांद्यावरून वाकून बघायचा. कधी कधी तुम्ही कोटाच्या आत दडवून कचेरीतला एखादा कागद आणायचा आणि तोही मला वाचायला लावायचा. "उपरोक्त विषयास अनुसरून" असलं काहीतरी मी खणखणीत आवाजात वाचत बसलेली, अर्थ मला कळत नव्हता आणि अक्षर तुम्हाला कळत नव्हतं. आई चुलीशी बसून ऐकायची.

मग तुम्ही मला शहागंजातल्या वाचनालयात नेऊ लागलात. एका दुकानाच्या वरची ती खोली, लाकडी जिना, दोन बाकं, आणि भिंतीकडेला अंथरलेली सतरंजी. वाचनालय सांभाळणारे एक वयस्कर मुसलमान गृहस्थ होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. उर्दू-मराठी दोन्ही लिप्या त्यांना सहज यायच्या. आम्हा पोरांशी मराठी बोलायचे, तुमच्याशी दखनी उर्दू. पहिल्या दिवशी तुम्ही त्यांना म्हणालात, "पोरीला गोष्टींची पुस्तकं पाहिजेत." मग कपाटातलं एक पुस्तक तुम्हीच काढलंत आणि उघडलंत ते शेवटच्या पानाकडून, उर्दू पुस्तक उघडतात तसं. चाचांनी ते पाहिलं. त्यांनी पुस्तक तुमच्या हातातून घेतलं, सरळ केलं आणि माझ्या हातात दिलं.

संध्याकाळी सतरंजीवर मोठ्या माणसांचा वर्ग भरायचा. बाजारातले हमाल, भाजी विकणाऱ्या दोघी, छावणीत घोड्यांचं काम करणारा एक जण. पाटी घेऊन अ आ इ काढायचे. वर्ग सुटला की चाचा त्यांना त्या दिवसाचा पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे. तुम्ही बाकावर माझ्या शेजारी बसायचा, कोट, काळी टोपी, पाठ ताठ. सतरंजीकडं तुम्ही बघायचासुद्धा नाही. पण फळ्याकडं बघायचा.

एका संध्याकाळी चाचांचा घसा बसला होता. त्यांनी पेपर तुमच्यापुढं धरला. "आज आप पढ़ो साब. मेरी आवाज नई निकल री."

तुम्ही म्हणालात, "चष्मा घरी राहिला."

आणि मी म्हणाले, "दादा, खिशात आहे की."

मला खरंच वाटलं होतं, की तुम्ही विसरलात. तुम्ही खिशातून चष्मा काढला, डोळ्याला लावला, पेपर उलगडला. सगळी सतरंजी तुमच्याकडं बघत होती. तुम्ही मथळ्यातल्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलंत, ते उचललंत, पुन्हा ठेवलंत. एक शब्द झाला, अर्धा. पुढं जोडाक्षर होतं, तिथं तुम्ही थांबलात ते थांबलात. पुढं बसलेला एक म्हातारा हमाल अगदी प्रेमानं म्हणाला, "ऱ्हाऊ द्या साहेब. पोरीला द्या."

तुम्ही पेपर मला दिलात. मी वाचला. मोठ्यानं, भरभर, न अडखळता. "लई हुशार आहे पोरगी," असं कुणीतरी म्हणालं, चाचांनी पाठीवरून हात फिरवला, आणि मी फुगले. तुमच्याकडं मी पाहिलंच नाही. घरी येताना तुम्ही पुढं चालत होता, मी मागं धावत होते आणि विचारत होते, "दादा, मी चांगलं वाचलं ना?" तुम्ही म्हणालात, "व्हय." एवढंच.

त्यानंतर आपलं वाचनालयात जाणं बंद. "पुस्तक काढ" पण बंद. कचेरीतून आलात की तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. तुमची मराठीची परीक्षा जवळ आली तेव्हा एका संध्याकाळी तुम्ही चुलीपुढं जेवत होता आणि आईनं भाकरी थापता थापता विषय काढला.

"वाचनालयात नाय गेलात?"

"नाय. त्या हमालांत जाऊन पाटी धरू काय आता?"

"मला तर कुठलंच वाचता येत नाय. आलेलं पत्र शेजारी नेऊन वाचून घेते. मला कधी विचारलं का, लाज वाटते का म्हणून?"

"तुझं वेगळं."

"काय वेगळं?" आई म्हणाली. "गावाकडची माणसं कागद घेऊन वट्यावर यायची, त्यांना येत नव्हतं म्हणूनच यायची ना? तुम्ही त्यांना कमी समजत होता काय?"

तुमचा घास हातातच राहिला. मग तुम्ही खाली बघत म्हणालात, "समजत होतो."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते आणि पहिल्यांदा मला कळलं, की दादांना मराठी वाचता येत नाही. दादा, मला तुमची कीव आली असती तर बरं झालं असतं. मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून पाटी आणलीत, एकट्यानं वाचनालयात गेलात आणि सतरंजीवर बसलात, त्याच म्हाताऱ्या हमालाशेजारी. त्यानं सरकून तुम्हाला जागा दिली, असं चाचांनी पुढं आईला सांगितलं.

त्या वर्षी माझ्या वर्गातल्या मुलीही वाचनालयात येऊ लागल्या होत्या. तुम्ही पाटी काखेत घेऊन निघालात की मी "मला बरं नाही" म्हणून घरी राहायची, नाहीतर पलीकडच्या गल्लीनं जायची. एकदा एका मैत्रिणीनं विचारलं, "ते सतरंजीवर बसलेत ते तुझे वडील ना?" मी म्हणाले, "ते तिथं शिकवतात." तेव्हापासून सुरू झालं बघा हे.

पहिल्या परीक्षेत तुम्ही ऱ्हस्व-दीर्घात गेलात. दुसऱ्या वेळी पास झालात. तुमची जागा राहिली, पण तुमच्या मागून लागलेली पोरं वर चढली आणि तुम्ही शेवटपर्यंत त्याच टेबलाशी बसलात. त्याबद्दल कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. पण वाचनालय तुम्ही सोडलं नाहीत. चाचा थकले तसं संध्याकाळचं पेपर वाचणं तुमच्याकडं आलं. पहिल्या दिवशी मी दाराशी उभी होते. तुम्ही एकेक शब्द सुटा करून वाचत होता, जोडाक्षराशी थांबत होता, पुन्हा मागं जात होता, आणि मी मनातल्या मनात तुमच्या चुका टिपत होते. वाचून झालं तेव्हा तो म्हातारा हमाल म्हणाला, "आता कसं समजतंय. पोरगी लई भरभर वाचायची." सगळे हसले. तुम्हीही हसलात. मी जिना उतरून निघून गेले.

पुढं मी मराठीची शिक्षिका झाले. तुम्ही ते पाहिलंत, आणि थोड्याच दिवसांत गेलात. निवृत्तीनंतर मला ठिकठिकाणची वाचनालयं बोलावू लागली, वाचनाबद्दल बोला म्हणून. मी तुमचीच गोष्ट सांगते. माझे वडील फार वाचणारे होते, मी तिसरीत असताना त्यांनी माझं बोट धरून मला वाचनालयात नेलं, रोज अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लावलं. बघा, यात नेलंत हे खरं, बोट खरं, मोठ्यानं वाचणंही खरं. फक्त कुणासाठी, ते मी उलटं करून सांगते. लोकांना ती गोष्ट फार आवडते.

फुलंब्रीत वाचनालयानं संध्याकाळी बायकांसाठी साक्षरता वर्ग सुरू केलाय, त्याच्या पहिल्या दिवशी बोलायला मी गेले होते. सभा सुरू व्हायच्या आधी मुलांच्या पुस्तकांच्या मांडणीपाशी एक बाई बसलेली दिसली. पन्नाशीची असेल. मांडीवर चित्रांचं पुस्तक, शेजारी एक लहान पोरगा, त्याचं सगळं लक्ष खिडकीतल्या मांजरीकडं. आणि बाईचं बोट अक्षराखाली.

मी विचारलं, "तुम्ही वर्गाला आलात का?"

तिनं बोट पटकन काढून घेतलं. "मी नाय बाई. नातवाला आणलंय. त्याला चित्रं लई आवडतात."

दादा, मी ओळखलं. जगात दुसरं कुणी ओळखलं नसतं, पण मी ओळखलं. आणि तरी दहा मिनिटांनी माइकसमोर उभी राहून मी नेहमीचीच गोष्ट सांगितली, आणि शेवटी नेहमीचंच वाक्य म्हटलं: "ज्या घरात मोठी माणसं वाचतात, त्याच घरातलं मूल वाचतं. माझं नशीब, की मी अशा घरात जन्मले." टाळ्या पडल्या. टाळ्यांत ती बाई उठली, पुस्तक मांडणीवर ठेवलं, नातवाचा हात धरला आणि दारातून गेली. वाचनालयाचे तरुण ग्रंथपाल नंतर म्हणाले, "त्या मधनंमधनं येत असतात, मॅडम. वर्गात बसा म्हटलं की निघून जातात." मी त्यांच्याकडचा चहा घेतला, शाल घेतली आणि गाडीत बसले.

काल मी बसनं पुन्हा फुलंब्रीला गेले. शाळा सुटायच्या वेळेपर्यंत वाचनालयात बसून राहिले. ती आली, नातवाला घेऊन. मला बघून परत फिरणार होती, मी जागा करून दिली तेव्हा बसली.

मी म्हणाले, "माझे वडीलपण असंच यायचे. मला घेऊन."

"तुमचे?" ती म्हणाली. "ते तर लई वाचणारे व्हते, असं सांगितलं तुम्ही."

"नव्हते. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. मोठेपणी शिकले, सतरंजीवर बसून."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी थट्टा करते आहे का, ते तपासत असावी. मग म्हणाली, "आलं का त्यांना?"

"आलं."

"लोक हसले असतील."

"लोक नाही हसले. मला लाज वाटायची, त्यांच्या पोरीला."

तिनं नातवाच्या हातातलं पुस्तक स्वतःकडं ओढलं आणि माझ्या समोर, न लपवता, एका अक्षरावर बोट ठेवलं. ते अक्षर मी तिला सांगितलं. मग पुढचं. वर्ग भरला तेव्हा ती त्यात बसली नाही, पण उद्या येते म्हणाली. येईल का, मला माहीत नाही.

एवढं ऐकून तुम्हाला वाटेल, पोरगी शेवटी खरं बोलली. बोलले दादा. पण समोरच्या टेबलाशी ग्रंथपाल बसले होते, माझ्या भाषणाला सगळ्यात जास्त वेळ टाळ्या वाजवणारे. "नव्हते" म्हणताना मी आधी त्यांच्याकडं पाहिलं, आणि आवाज खाली केला.