रेघेच्या आत चार बोटे

मी, भगीरथ धाकलू वेखंडे, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा शेती, राहणार सापगाव, तालुका शहापूर, आज डोके ठिकाणावर असताना आणि घरात कोणी हट्ट धरलेला नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. पुढच्या बुधवारी मुंबईत माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर बरे होईल म्हणतात. देवाच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही, म्हणून कागद आधी.

१. राहते घर आणि मागचे परस पत्नी प्रेमा हिचे. तिच्या हयातीत तिला "आता लेकीकडे जाऊन राहा" असे कोणी सुचवू नये.

२. माझ्या वाटणीची भातशेती प्रेमा आणि मुलगी अंजू यांना निम्मी निम्मी. शेजारचे शेत माझा धाकटा भाऊ बारकू याचे आहे. १९९३ साली वाटणी झाली तेव्हा बारकू म्हणाला, "दोरी तूच धर दादा, तू पंच हायेस," आणि पाठ करून उभा राहिला. बांध बरोबर आहे, मी तीनदा मोजला होता. तो कोणी कोरू नये.

३. पोस्टातली बचत अंजूच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी. लग्नात उडवू नये.

४. वीस वर्षे मी टेनिस बॉलच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहिलो. माझा पांढरा कोट वैशाखरे गावचा समालोचक वाळू याला द्यावा. २००१ साली त्याने भर मैदानात माईकवरून मला आंधळा म्हटले होते. त्याने एक मोसम कोट घालून उन्हात उभे राहून पाहावे. नियमांचे पुस्तक ज्याला हवे त्याने न्यावे. रेघ आखायची दोरी मात्र कोणाला देऊ नये. तिच्याविषयी पुढे लिहितो.

५. फेब्रुवारी १९९६, शेणव्याचे मैदान, सापगाव विरुद्ध वैशाखरे, अंतिम सामना. मी सापगावचा असूनही दोन्ही संघांनी मला पंच मानले, कारण मी भावालाही सोडत नाही असे लोक म्हणत. मुरबाडच्या एका कारखान्याचे साहेब बघायला आले होते. त्यांनी बारकूला सांगितले होते, "जिंकून दाखव, सोमवारी कामावर ये." शेवटची जोडी, तीन धावा हव्या, दोन चेंडू बाकी. बारकूने फटका मारला, एक धाव पूर्ण केली आणि दुसरीसाठी माझ्या समोरच्या टोकाकडे धावत आला.

धावचीतचा निर्णय देताना पंचाने नजर रेघेवर ठेवायची, यष्ट्यांचा आवाज कानाने घ्यायचा. बॅट रेघेच्या आत टेकलेली हवी. रेघेवर असेल तर बाद. खरोखर शंका असेल तर फलंदाज नाबाद. मला शंका नव्हती. आवाज आला तेव्हा बॅट चुन्यावर होती. मी बोट वर केले. आम्ही एका धावेने हरलो.

बारकू माझ्याजवळून जाताना म्हणाला, "रेघ तुझी, बोट तुझं. आता घरी जाऊन आरती कर." त्यानंतर अकरा वर्षे तो माझ्याशी बोललेला नाही. सोमवारी त्याला कोणी बोलावले नाही. आजही तो माळशेजच्या रस्त्यावर दुसऱ्याची जीप चालवतो.

दुसऱ्या सकाळी मी मैदानावरचे सामान आणायला गेलो आणि सहज त्या टोकाच्या रेघेला दोरी लावून माप घेतले. आदल्या दुपारी खेळपट्टीवर पाणी मारताना त्या टोकाची रेघ पुसली होती. ती मी घाईत, दोरी न लावता, डोळ्यांच्या अंदाजाने परत आखली होती. ती यष्ट्यांच्या बाजूला चार बोटे जास्त सरकली होती. खऱ्या मापाने बारकू आत होता.

निर्णय आखलेल्या रेघेवर द्यायचा, की आखायला हवी होती त्या रेघेवर? पुस्तकात उत्तर सापडले नाही. रोज देवापुढे दिवा लावताना मी तेच विचारतो. पण एवढे कळते की चूक माझ्या हाताची होती आणि मी ती कोणाला सांगितली नाही.

६. आंब्याखालचे खाचर बारकूला द्यावे असे आधी लिहिले होते. प्रेमाने ते वाचले आणि म्हणाली, "अवो, मेल्यावर सांगनार काय त्याला? जित्तेपनी तोंड नाय का तुमाला?" वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार करू नये. म्हणून बारकूच्या नावे मी काहीही ठेवलेले नाही. तो या कागदाला साक्षीदार असावा, सही करण्याआधी त्याने सगळे वाचावे, आणि तेव्हा मी समोर बसलेलो असावे, एवढीच माझी इच्छा. प्रेमा त्याला घेऊन आली आहे. तो ओट्यावर बसला आहे, चहा घेतलेला नाही.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : सापगाव. दिनांक : ११ जानेवारी २००७.

सही : भगीरथ धाकलू वेखंडे

साक्षीदार १ : पंढरी गोजर भोईर, शेणवा. (सही)

साक्षीदार २ : बारकू धाकलू वेखंडे, सापगाव. (सही) सगळं वाचलं. रेघ कुठंही असती तरी मी आउटच होतो दादा. बॅट हवेत होती, टेकलीच नव्हती. मला तवाच ठावं होतं.